कुणी जवळ येत नाही

सारंग देवस्थळी त्या बुधवारी गुडघा दाखवायला गेला होता. बेस्ट ह्या छोट्या डच गावातल्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे, काहीही दुखणं घेऊन गेलं तरी पॅरासिटामॉल घ्या आणि दोन आठवडे वाट बघा एवढंच ऐकायला मिळतं, हे तेरा वर्षांत त्याला पाठ झालं होतं. पण घराबाहेर पडायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं, आणि गुडघा हे काही वाईट निमित्त नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर रंगाऱ्याच्या पांढऱ्या विजारीतला एक डच माणूस मोबाइलवर काहीतरी बघत होता. आवाज जरा मोठाच होता. एक अमेरिकन निवेदक पडेल आवाजात म्हणाला, "बाकावर एकटा बसला आहे. कुणी जवळ येत नाही." सारंगने वळून बघितलं. ते वाक्य त्याचं होतं. शब्दन् शब्द. सोमवारी सकाळी मागच्या खोलीत, अंगावर शाल आणि पायात दोन मोजे घालून, त्यानेच ते इंग्रजीत टंकलं होतं. रंगाऱ्याने मान हलवली आणि पडदा सारंगकडे वळवला. पडद्यावर खांद्यावर जाडजूड कोट घेतलेला एक तरुण खेळाडू गुडघ्यांमध्ये मान घालून बसला होता. "झीलख, हे?" रंगारी म्हणाला. बिचारा, नाही का. सारंग "या, या" म्हणाला, आणि नाव पुकारलं गेल्यावर गुडघा डावा की उजवा हे डॉक्टरीणबाईंना सांगताना एकदा चुकला.

आपण काय काम करतो हे सारंगला कधी कुणाला धड सांगता आलं नव्हतं. गणपतीत आइंडहोवनच्या मंडळात कुणी विचारलं तर तो "मीडियात आहे" म्हणायचा, आणि समोरचा मान डोलावून मंजूषाकडे वळायचा, कारण त्याची बायको मंजूषा संगणकाच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करत होती आणि तिथे जमलेले निम्मे लोक तेच करत होते. खरं काम असं होतं की एका अमेरिकन क्रीडावाहिनीसाठी तो चित्रणाची नोंद ठेवायचा. तिकडे रविवारी अमेरिकन फुटबॉलचे सामने होत, आणि तिकडची माणसं झोपलेली असताना इकडे सोमवारी सकाळी बेस्टमध्ये बसून सारंग एका सामन्यातलं एका कॅमेऱ्याचं तीन तासांचं चित्रण बघे. गेली दोन वर्षं हा कॅमेरा एकाच माणसावर रोखलेला असे: हेरन्स नावाच्या संघाचा क्वार्टरबॅक, वेस्ली हार्लन. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक चेंडू जातो तो. जिंकलं तर देव, हरलं तर बळीचा बोकड. हार्लनने पाणी प्यायलं, हार्लन हसला, हार्लनने शिरस्त्राण आपटलं, असं प्रत्येक तुकड्यापुढे सारंग एका ओळीत लिहायचा. मग अमेरिकेत कार्यक्रम करणारी माणसं शब्द टाकून शोधत. 'रागावलेला' टाकलं की रागावलेले तुकडे बाहेर येत, 'हसणारा' टाकलं की हसणारे. बाकीचं चित्रण कुणी कधी बघत नसे. नियम ठरलेले होते. दिसतं तेवढंच लिहावं. तीस सेकंदांत हालचाल झाली नाही तर पुढच्या खुणेवर उडी मारावी. आणि कॅमेऱ्याचा उल्लेख कधीही करू नये. हा शेवटचा नियम सारंगला पहिल्या दिवशी गमतीदार वाटला होता. कॅमेरा नसतोच तिथे, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं.

आणि गंमत म्हणजे त्याला हे काम आवडायचं. इथे आल्यावर पहिली नऊ वर्षं तो नुसता मंजूषाचा नवरा होता. पुण्याच्या एका दैनिकात अकरा वर्षं क्रीडा पानावर काम केलेला माणूस, इथे त्याच्या मराठीला विचारतो कोण? गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, डच वर्गाला तो दोनदा बसला आणि दोनदा काठावर नापास झाला. लेकीला, ईशानीला, शाळेतून सायकलवर आणायचं, यम्बो सुपरमार्केटमधून भाजी आणायची, मंजूषा दमून आली की पोळ्या टाकायच्या. पोळ्या तो छान करतो, असं मंजूषा सगळ्यांना सांगायची, आणि ते कौतुक त्याला कुठेतरी लागायचं. मग चार वर्षांपूर्वी हे काम मिळालं, आणि सोमवारी सकाळी खोलीचं दार लावून घेताना "मी कामात आहे" म्हणता येऊ लागलं. आता तर दार लावायचंही कारण नव्हतं. ईशानी मास्ट्रिख्टला मानसशास्त्र शिकत होती, आणि मंजूषा तीन महिन्यांसाठी तैवानला गेली होती. त्या तीन महिन्यांचे गेल्या आठवड्यात पाच झाले. तरी तो दार लावून घ्यायचाच.

दवाखान्यातून घरी येताना कालव्याच्या काठाने त्याने सायकल हातात धरून चालवली. मोबाइलवर शोधलं, आणि त्याचं वाक्य सगळीकडे होतं. वाहिनीच्या पट्टीवर होतं, लोकांच्या टिंगलीत होतं, कुणी तर त्याचे टीशर्ट छापले होते. तीन निवृत्त खेळाडू टेबलाशी बसून हार्लनच्या वाकलेल्या पाठीकडे बघून सांगत होते की संघाने ह्याला टाकलं आहे. खांदे बघा, मान बघा. एक बाई म्हणाल्या, जो पुढारी स्वतःच्या माणसांत एकटा पडतो तो पुढारी नसतोच. खरं तर हार्लनने रविवारी तीन चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात फेकले होते, एवढीच बातमी होती. पण तीन चुकीचे चेंडू किती दिवस चघळणार? एकटा माणूस आठवडाभर पुरतो. काठावर एक करडा बगळा एका पायावर उभा होता. ह्या देशात ते कुठेही उभे असतात, बसथांब्यापाशीसुद्धा, नोकरी लागल्यासारखे. सारंग त्याच्यापाशी जरा थांबला. आपलं वाक्य जगभर गेलं, ह्याचा त्याला आनंद झाला होता. तो आनंद त्याने स्वतःपासून लपवायचा प्रयत्न केला, पण झाला होता हे खरं. पुण्यात अकरा वर्षांत जे झालं नाही ते इथे एका ओळीत झालं, आणि सांगायला घरात कुणी नव्हतं.

दुपारी त्याने मंजूषाला फोन लावला. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ असायची. ती कंपनीच्या कँटीनमधून बोलत होती, मागे ताटं वाजत होती. "गुडघ्याचं काय म्हणाले?" तिने विचारलं. "पॅरासिटामॉल." ती हसली. मग दोघं गप्प झाली. ह्या गप्प होण्याची त्याला अलीकडे भीती वाटायची. ती बोलेनाशी झाली की दोन-तीन सेकंदांत तो "चल, ठेवतो, तुला काम असेल" म्हणून मोकळा व्हायचा. तो वाक्याबद्दल सांगणार होता. पण ते सांगायचं तर हार्लन कोण इथपासून सुरुवात, आणि ती "अच्छा" म्हणेल. त्या "अच्छा"ची त्याला आधीच शिसारी आली. "चल, ठेवतो," तो म्हणाला. "सारंग," ती म्हणाली, आणि मग, "बरं, ठेव."

रात्रीच्या जेवणाला त्याने मुगाची खिचडी लावली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजताना त्याला हरिहर आठवला. कितीतरी वर्षांनी आठवला, आणि का आठवला हे कळायच्या आधीच तोंड कडू झालं. हरिहर शिंगाडे, बार्शीचा मध्यमगती गोलंदाज. आंतरजिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना, शेवटचं षटक, उंच उडालेला सोपा झेल, आणि तो हरिहरच्या ओंजळीतून खाली. सारंगने पाहिलं होतं की झेल सुटला आणि हरिहर हसला. तेच त्याने लिहिलं. 'झेल सुटला अन् हरिहर हसला.' संपादकांनी पाठ थोपटली, मथळा तोच केला. निवड समितीतल्या एकाने ते कात्रण खिशात घालून बैठकीला नेलं, असं नंतर कानावर आलं. हरिहरचं नाव त्या यादीत आलं नाही आणि पुढे कुठल्याच यादीत आलं नाही. दोन वर्षांनी स्वारगेटला एसटीच्या फलाटावर हरिहरच त्याला भेटायला पुढे आला. हातात बियाण्याची पिशवी. सारंग घाबरला होता, पण हरिहरने नमस्कार केला. "सायेब, राग न्हाई हो," तो म्हणाला, "पर माझं तोंडच तसलं हाय. भ्या वाटलं की हसू येतंय. बारकं असल्यापास्नं. मास्तर मारायला लागलं तरी हसायचो, मग आणिक मार बसायचा." आणि हे सांगताना तो हसत होता. सारंगने दुसऱ्या दिवशी संपादकांना सांगितलं की ह्यावर चार ओळी टाकू या. "देवस्थळी, शिळ्या कढीला ऊत कशाला आणता?" ते म्हणाले. सारंगने आणला नाही. त्याला सुटल्यासारखंच वाटलं होतं. शिट्ट्या किती झाल्या ते तो विसरला, आणि खिचडी तळाला लागली.

शनिवारी ईशानी आली. पाठीवर सॅक, कानात काहीतरी, आल्या आल्या फ्रिज उघडून दारातच उभी. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तरं इंग्रजीत द्यायची, थकली की डचमध्ये. ते वाक्य आपलं आहे, एवढं त्याने तिला गुरुवारी न राहवून कळवलं होतं. दोघं जेवत असताना ती म्हणाली, "बाबा, यू आर फेमस." तिच्या वर्गातल्या मुलांनी तो तुकडा बघितला होता, प्राध्यापकांनी तो देहबोली शिकवायला वर्गात लावला होता. "आय टोल्ड देम, माय डॅड रोट दॅट. नोबडी बिलीव्ड मी." सारंगचे कान गरम झाले. तिला वाटलं होतं, कुणाला तरी सांगावंसं वाटलं होतं! त्याने ताट तसंच ठेवलं आणि तिला वर मागच्या खोलीत घेऊन गेला. चार वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत दुसरी खुर्ची आली. त्याने तिला खुणा दाखवल्या, नोंदीची चौकट दाखवली, आणि मग तो तुकडा लावला. हार्लन येतो, शिरस्त्राण काढतो, बसतो. मान खाली. दहा सेकंद, वीस, तीस. चौतिसाव्या सेकंदाला सारंगची नोंद संपत होती. त्याने सवयीने उडी मारायला बोट उचललं.

"बाबा, वाख्त एवन," ईशानी म्हणाली आणि त्याचं मनगट धरलं. थांब जरा. "समवन इज कमिंग."

पडद्याच्या डाव्या कडेला एक प्रचंड सावली हलली. एक्केचाळिसाव्या सेकंदाला ओटिस आला, संघाचा सेंटर, जो दर वेळी वाकून दोन पायांमधून हार्लनच्या हातात चेंडू देतो तो. दीडशे किलोंचा माणूस. तो काही बोलला नाही. हार्लनचा कोट एका खांद्यावरून घसरला होता तो त्याने वर ओढला, शेजारी बसला, आणि आपल्या हातमोज्यांवरची टेप सोडत राहिला. हार्लनने वर न बघता डोकं बाजूला कलतं केलं, इतकं की ते ओटिसच्या दंडाला टेकलं. तसे ते दोघं सहा मिनिटं बसले होते. ईशानी म्हणाली, "पण तू लिहिलं आहेस, कुणी येत नाही?" तिने चक्क मराठीत विचारलं होतं, आणि त्यात आरोप नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

सारंगला त्या सोमवारची सकाळ लख्ख आठवली. बाकाचा तुकडा आला तेव्हा त्याने मंजूषाला खिडकीतल्या तिच्या तुळशीचा फोटो पाठवला होता. पानं गळायला लागली होती, काय करू, असं विचारलं होतं. दोन करड्या खुणा निळ्या झाल्या. तिने बघितलं होतं. पडद्यावर हार्लन बसला होता आणि सारंग हातातल्या फोनकडे बघत होता. उत्तर येईल. आलं नाही. मग त्याने वर बघितलं, हार्लन तसाच होता, आणि त्याने लिहिलं, 'कुणी जवळ येत नाही', आणि उडी मारली. नियम पाळला होता तसा. तीस सेकंदांत हालचाल नव्हती. पण 'कुणी येत नाही' हे त्याने पडद्यावर बघितलं नव्हतं, हे त्याला आत्ता, लेकीच्या समोर, कळलं. त्याला फार लाज वाटली.

"मग आता सांगणार ना त्यांना?" ईशानी म्हणाली. सारंगने तिला करारातलं कलम सांगितलं. एका हंगामात दोन गंभीर चुका झाल्या की करार संपतो. ही चूक तर कुणाला कधी कळणारही नव्हती, पुढचं चित्रण उघडून बघणारा जगात दुसरा माणूस नव्हता. आणि हे काम गेलं तर ह्या वयात दुसरं काय? पुन्हा डचचा वर्ग आणि पुन्हा पोळ्या. हे शेवटचं तो बोलला नाही. ईशानीने खांदे उडवले. "युअर चॉइस, बाबा." ती खाली जाऊन भांडी घासायला लागली. ती न सांगता भांडी कधीच घासत नसे.

चार वाजता त्याने ट्रेसीला, म्हणजे तिकडच्या निर्मातीला, लिहिलं. नोंद चुकीची आहे, माझी चूक आहे, एक्केचाळिसाव्या सेकंदापासून पुढे बघा, कृपया दुरुस्ती दाखवा. लिहिताना हरिहरची चार ओळींची बातमीच वीस वर्षं उशिरा लिहितो आहोत असं त्याला वाटलं. पाठवून झाल्यावर तो जिन्यात बसला आणि खालून येणारा नळाचा आवाज ऐकत राहिला. बरं वाटत होतं. उत्तर रविवारी दुपारी आलं, ईशानी गाडीने परत गेल्यावर. ट्रेसीने मनापासून आभार मानले होते. प्रामाणिकपणाचं कौतुक केलं होतं. धोरणाप्रमाणे एक गंभीर चूक नोंदवावी लागेल म्हणून खेद व्यक्त केला होता. बातमी मात्र आता पुढे गेली होती. आता विषय हार्लन एकटा आहे का हा नव्हता, त्याला आज खेळवायचं की नाही हा होता. ओटिसचा तुकडा सुरेख आहे, तिने लिहिलं होतं, जपून ठेवते. पुढेमागे हार्लन परत उभा राहिला तर फार उपयोगी पडेल. सारंगने ते पत्र तीनदा वाचलं. चिडावं असं त्यात एकही वाक्य नव्हतं. शिळी कढी तिकडेही कुणी उकळत नाही, एवढंच.

त्याने मंजूषाला फोन केला. ती आवाजावरून ओळखून म्हणाली, "काय झालं?" सारंगने सगळं सांगितलं, हार्लन कोण इथपासून, हरिहरपर्यंत, तुळशीच्या फोटोपर्यंत. ती "अच्छा" म्हणाली नाही. ती गप्प झाली आणि सारंगचं "चल, ठेवतो" ओठांपर्यंत आलं. त्याने ते गिळलं. बराच वेळ फोनमध्ये तिच्या खोलीतल्या एसीची घरघर ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "फोटो बघितला आणि मला रडू आलं रे. मीटिंगमध्ये होते. नंतर काय लिहू कळेना. मला वाटलं, तुझं छान चाललंय, काम आहे तुझं, दार लावून बसतोस. मी कशाला मध्ये येऊ?" "मला इथे फार एकटं वाटतं, मंजू," सारंग म्हणाला. तेरा वर्षांत हे वाक्य त्याने कधी उच्चारलं नव्हतं, आणि उच्चारल्यावर ते किती साधं निघालं ह्याचंच त्याला नवल वाटलं. "मलाही," ती म्हणाली. एवढ्याने काही सुटलं नाही. पाच महिने ते पाच महिनेच होते.

सोमवारी सकाळी त्याने शाल घेतली, चहा घेतला, दार मात्र उघडंच ठेवलं आणि रविवारचं चित्रण लावलं. सामन्याच्या दुसऱ्याच टप्प्यात प्रशिक्षकाने हार्लनला बाहेर काढलं होतं. प्रेक्षक ओरडत होते. कुणीतरी उंचावलेल्या पुठ्ठ्यावर सारंगचं वाक्य रंगवलेलं होतं. हार्लन बाकावर येऊन बसला. सारंगने बोट खुणेपासून लांब ठेवलं. तीस सेकंद झाले. एक्केचाळिसावा सेकंद आला आणि गेला. दोन मिनिटं. डाव्या कडेला ती ओळखीची प्रचंड सावली हलली, आणि सारंग खुर्चीत पुढे सरकला. ओटिस होता. तो तीन पावलांवर येऊन थांबला, आणि त्याने मान वळवून सरळ कॅमेऱ्यात बघितलं. म्हणजे सारंगकडेच बघितलं. आठवडाभर त्याला विचारलं गेलं होतं की तू ह्याच्या बाजूचा का विरुद्ध, तुम्ही बोलत का नाही, खरं काय ते सांग. आता तो जाऊन बसला असता तर त्याचीही बातमी झाली असती, आणि नाही बसला तर निदान आज तरी नाही. ओटिसने हातातली टेप चुरगळली, तो मागे फिरला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. पुढे कुणीच आलं नाही. पाणी देणारा माणूससुद्धा बाटली बाकाच्या टोकाला ठेवून गेला. हार्लनचा कोट एका खांद्यावरून घसरला आणि तसाच राहिला.

सारंगने उडी मारली नाही. चहा निवला, खिडकीत ऊन आलं आणि गेलं. एक तास आणि बावीस मिनिटं तो हार्लनबरोबर बसून राहिला. आता ते वाक्य खरं झालं होतं. गेल्या सोमवारी खोटं होतं म्हणून आज खरं झालं होतं, आणि ते लिहिलं तर कुणी त्याला नावं ठेवणार नव्हतं. दिसतं तेवढंच लिहायचं होतं, आणि दिसत तेच होतं. त्याने चौकटीत टंकलं, 'बाकावर एकटा बसला आहे. कुणी जवळ येत नाही.' मग त्याने ते पुसलं. पुसताना त्याला हरिहरचं हसणं दिसलं, फलाटावरचं, बियाण्याच्या पिशवीसकट. नोंद नियमाबाहेर गेली तर ती दुसरी गंभीर चूक, आणि दुसरी म्हणजे शेवटची, हे त्याला ठाऊक होतं.

त्याने लिहिलं, 'कॅमेरा ब्याऐंशी मिनिटं ह्याच्यावरून हललेला नाही. ओटिस आला होता. त्याने कॅमेरा बघितला आणि तो परत गेला.' त्याने ते एकदा वाचून पाठवून दिलं. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि दुपारच्या पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली.